नात्यावर काम करणारी थेरपी: आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई, बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

घाईत असाल तर आधीच सांगते, फायदा झाला, चांगला झाला, पैसे वाया गेले असं एकदाही वाटलं नाही. पण नेमका कशात फायदा झाला ते नीट सांगायला हवं म्हणून एवढं मोठं लिहितेय, कारण जायच्या आधी मी शोधत होते तेव्हा मराठीत एक तर "संवाद वाढवा, एकमेकांना वेळ द्या" एवढंच मिळायचं नाहीतर सगळे अनुभव अमेरिकेतल्या जोडप्यांचे, ज्यांच्या घरात बाजूच्या खोलीत सासूबाई नसतात.

आमचं घर म्हणजे मी, नवरा, नववीतली मुलगी आणि सासूबाई. राहायला पिंपरी-चिंचवडला, नवरा चाकणला कंपनीत, शिफ्ट बदलत्या, मी बँकेत. 2008 चं लग्न. मारहाण नाही, दारू नाही, बाहेर कुठे काही नाही, बघणाऱ्याला सगळं छानच. आत मात्र अबोला. कशावरून तरी ठिणगी पडायची, मी तावातावाने बोलायचे, तो गप्प, तो गप्प म्हणून मी आणखी बोलायचे, मग तो उठून आईच्या खोलीत, आणि पुढचे चार चार दिवस "बाबांना सांग पान वाढलंय" हे सगळं मुलीच्या मार्फत. त्यात मुलीचं सकाळी पोट दुखायला लागलं, शाळेच्या वेळेला हमखास, औषधं झाली, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. शेवटी तिच्या डॉक्टरांनीच विचारलं की घरात काही टेन्शन आहे का, आणि तिथून हे सुरू झालं.

आपल्याकडे काउन्सेलिंग म्हटलं की लोकांना फॅमिली कोर्ट आठवतं नाहीतर पोलिसांचा भरोसा सेल. 1984 च्या फॅमिली कोर्टाच्या कायद्यातच समुपदेशकांची सोय आहे आणि ते काम मोठंच आहे, पण तिथे माणूस पोचतो तेव्हा बहुतेक वेळा अर्ज टाकून झालेला असतो. त्यामुळे नवऱ्याचं पहिलं वाक्य होतं, "आपल्याला काय घटस्फोट घ्यायचाय का?" मुलीसाठी चल म्हटल्यावर आला.

आधी एका ठिकाणी थोडे दिवस गेलो होतो. नाव लिहीत नाही. तिथे दोघांना कागद देऊन समोरच्याच्या न आवडणाऱ्या गोष्टी लिहायला लावल्या, मग एकेक मुद्दा घेऊन कोण कुठे कमी पडतं ते ठरवायचं, आणि घरी जाताना टाइमटेबल, अमुक वाजता बोला, आठवड्यातून एकदा बाहेर जेवा. कागदावर सगळं बरोबर होतं, पण दर वेळी परत येताना गाडीत कोणाचा मुद्दा बरोबर ठरला यावरूनच वाजायचं.

मग आताच्या मॅडम मिळाल्या. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत आणि इमोशनली फोकस्ड थेरपी, म्हणजे ईएफटी, या पद्धतीने काम करतात. (शोधताना सांभाळून, ईएफटी याच नावाने बोटांनी कपाळावर-हातावर टॅप करायचा एक प्रकार पण आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) पहिल्याच भेटीत त्यांनी स्पष्ट सांगितलं, "माझे पेशंट तुम्ही नाही, हेही नाहीत, तुम्हा दोघांच्या मध्ये जे घडतं ना, ते माझं पेशंट." नवऱ्याचे खांदे तिथेच थोडे सैल झालेले मी बघितले, कारण तो आरोपी म्हणून उभं राहायच्या तयारीने आला होता.

ही पद्धत 1980 च्या दशकात कॅनडात व्हँकुव्हरच्या विद्यापीठात स्यू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी उभी केली. जॉन्सनबाई 2024 मध्ये गेल्या. मुळाशी जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाचं काम आहे. हॉस्पिटलमध्ये आईपासून लांब ठेवलेल्या लहान मुलांकडे बघून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं की मूल आधी आकांत करतं, मग खचतं, मग अलिप्त होतं, आई परत आली तरी तिच्याकडे बघत नाही. जॉन्सनबाईंचं म्हणणं असं की मोठ्या माणसांतही हेच चालतं, जवळचं माणूस हाताला लागत नाही असं वाटलं की एक जण आकांत करतो आणि दुसरा आत ओढून घेतो. मॅडमनी हे बोर्डावर दोन बाण काढून दाखवलं आणि मी बघतच राहिले, इतकी वर्षं मला जो आमचा स्वभावदोष वाटत होता तो एक गोल गोल फिरणारा पॅटर्न होता, ज्यात माझ्या आवाजाने तो गप्प होत होता आणि त्याच्या गप्प बसण्याने माझा आवाज चढत होता, सुरुवात कुणी केली हे विचारण्यात अर्थच नाही.

सुरुवातीची काही सेशन फक्त हा पॅटर्न पकडण्यात गेली. आधी दोघं एकत्र, मग प्रत्येकाचं एकेक वेगळं सेशन, मग परत एकत्र, अशी त्यांची पद्धत. सल्ला जवळजवळ शून्य. हे आधी फार खटकतं, आपण पैसे मोजून गेलेलो असतो, काहीतरी सांगा ना असं होतं. पण त्या काय करतात, एखाद्या घटनेतली दोन मिनिटं घेतात आणि तीच ताणतात. आमचं असं झालं: तो कामावरून आला की चपला काढून सरळ आईच्या खोलीत जातो, मी ओट्याशी असते, मला भांड्यांचा आवाज करावासा वाटतो. मॅडमनी विचारलं, तो तिकडे वळतो त्या क्षणी शरीरात काय होतं. मी म्हटलं राग येतो. त्या म्हणाल्या रागाच्या आधी? मी बराच वेळ काही बोलले नाही आणि मग तोंडातून निघालं, की गळ्याशी काहीतरी येतं, मी या घरात नसले तरी चालेल असं वाटतं. त्या म्हणाल्या, हे मला नका सांगू, त्यांच्याकडे वळून सांगा. सतरा वर्षांच्या संसारात मी नवऱ्याला हे वाक्य कधी बोललेच नव्हते, मी बोलत होते ते किराणा, गॅस, मुलीची फी आणि "तुला माझं काही पडलेलंच नाही". मी वळून सांगितलं. तो खाली बघत होता, मग म्हणाला, "मला वाटायचं मी आत आलो की तू चिडलेलीच असणार, आज कशावरून ते माहीत नसायचं. आईच्या खोलीत मला कोणी काही विचारत नाही." यावर मॅडमनी आम्हाला पुढे काहीच करायला लावलं नाही, नुसतं थांबवून ठेवलं. त्या दिवशी गाडीत वाजलं नाही.

नंतर त्यांनी जेनोग्राम काढला. म्हणजे तीन पिढ्यांचा नकाशा, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर फुली, भांडण असेल तिथे नागमोडी रेघ, संबंध तुटले असतील तिथे तुटलेली रेघ. हे मरे बोवेन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाच्या कामातून आलेलं, ईएफटीचं नव्हे, पण आमच्या मॅडम सोयीचं ते घेतात आणि मला ते योग्यच वाटलं. माझ्या माहेरच्या बाजूला सगळ्या नागमोडी रेघा, आमच्याकडे सगळे जोरात भांडतात आणि संध्याकाळी एकत्र चहा पितात. नवऱ्याच्या बाजूला मात्र तुटलेल्या रेघा. माझे सासरे आणि त्यांचे सख्खे भाऊ कराडकडच्या जमिनीच्या वाटणीवरून बोलायचे बंद झाले ते शेवटपर्यंत, एकाच आळीत राहून. त्याच्या आधीच्या पिढीत पण तसंच. नवरा त्या कागदाकडे बघत म्हणाला, आमच्यात भांडण झालं की माणूस संपतो. तेव्हा मला कळलं की मी आवाज चढवला की तो ऐकत काय असेल.

आता फॅमिली सेशन, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. आपल्याकडे नुसती कपल थेरपी अर्धवट राहते असं माझं ठाम मत आहे. दोघं तिथे बसून कितीही मोकळं बोलले तरी घरी आल्यावर घर तेच असतं. मॅडमनी मुलीला आणि सासूबाईंना बोलवायचं ठरवलं तेव्हा मला धास्ती होती, पण सासूबाई तयार झाल्या, नातीच्या पोटदुखीसाठी त्या कुठेही आल्या असत्या.

खोलीत मुलगी आपोआप आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली. मॅडमनी पाचेक मिनिटं बघितलं आणि तिला म्हणाल्या, तू आजीजवळ बस बघू, आणि आम्हाला खुर्च्या जवळ घ्यायला लावल्या. एवढंच. मुलगी उठली आणि लगेच म्हणाली, "मग यांचं कोण सांगणार एकमेकांना?" मी त्या वाक्याने हलले. ही खुर्च्यांची पद्धत मानसोपचारतज्ज्ञ साल्वाडोर मिनुचिन यांच्या कामातली, त्यांनी फिलाडेल्फियात 1970 च्या दशकात आजारी मुलांच्या अख्ख्या कुटुंबांबरोबर काम केलं. मॅडम नीट म्हणाल्या की पोट खरंच दुखतं, नाटक नाही, पण जे निरोप मोठ्यांनी एकमेकांना द्यायचे ते हिच्या अंगावर आहेत. त्या दिवसापासून घरात एकच नियम झाला, मुलीमार्फत निरोप नाही, अबोला असला तरी नाही. भाजीत मीठ कमी आहे हे सुद्धा थेट सांगायचं.

सासूबाईंना मॅडमनी आधी काहीच विचारलं नाही, चहा कसा करता, दिवस कसा जातो एवढंच. मग हळूच विचारलं, संध्याकाळी मुलगा खोलीत येतो तेव्हा काय बोलता? त्या म्हणाल्या, "काही नाही हो. हे गेल्यापासून दिवेलागणीला मला एकटीला बसवत नाही. तो येतो, दिवा लावतो, बसतो." मला हे माहीत नव्हतं! एका घरात राहून. मला ते माझ्याविरुद्धचं बसणं वाटत होतं. आणि सासूबाईंना वाटत होतं की सुनेला आपण नकोसे झालोय म्हणून ती तिकडे भांडी आपटते. आता दिवेलागणीला आम्ही सगळेच हॉलमध्ये बसतो, चहा होतो, त्या शुभंकरोति म्हणतात, मुलगी कधी म्हणते कधी मोबाइल बघते, आणि जेवणानंतर आम्ही दोघं सोसायटीत फेरी मारतो तेव्हा आम्हाला कोणी हाक मारायची नाही असं आईंनीच ठरवलं.

आता फरक किती पडला. भांडणं होतात. गणपतीत गावी किती दिवस जायचं यावरून जोरदार झालं. पण अबोला आता एका रात्रीपलीकडे जात नाही, आणि तो स्वतः येऊन "मी आत ओढून घेतोय बरं का" असं म्हणतो, हे मॅडमचे शब्द त्याने उचललेत. मुलीचं पोट परीक्षेच्या आसपास दुखतं अजून, एरवी नाही. मी पण एकटीची काही सेशन केली, माझ्या वडिलांबद्दलचं काही होतं, ते इथे लिहीत नाही, पण ईएफटीचं एकट्यासाठी आणि कुटुंबासाठी असं वेगळं रूप पण आहे हे माहीत असू द्या.

खटकलेल्या गोष्टी पण सांगते. खर्च आहे, आम्ही जोडप्याच्या सेशनला 2,500 रुपये देतो आणि आमच्या मेडिक्लेममध्ये एक रुपया बसला नाही. मधले एक-दोन महिने आधीपेक्षा वाईट गेले, जखम उघडी करून घरी आल्यासारखं वाटायचं, हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सेशनची भाषा हा मोठा प्रश्न आहे, इंग्रजी वाक्यं मध्ये आली की सासूबाई गप्प, म्हणून मराठीतून पूर्ण सेशन घेणारी व्यक्तीच बघा. बदलत्या शिफ्टमध्ये वेळ जुळवणं म्हणजे दिव्य, ऑनलाइन केलं पण घरातून बोलताना पलीकडच्या खोलीत कोण ऐकतंय याचं भान सुटत नाही, शेवटी पार्किंगमध्ये गाडीत बसून केलं. आकडे विचारणाऱ्यांसाठी: 1999 मधल्या एका आढाव्यात या पद्धतीने 70 ते 73 टक्के जोडपी त्रासातून बाहेर आली असं आहे, पण तो आढावा पद्धत बनवणाऱ्यांनीच केलेला आणि अभ्यास थोडे, तेव्हा तेवढं धरूनच चाला.

आणि कृपा करून हे वाचा. घरात मारहाण असेल, जिवाची भीती असेल तर एकत्र बसायची थेरपी करू नका. तिथे मोकळं बोललेलं घरी गेल्यावर अंगाशी येतं. चांगले थेरपिस्ट म्हणूनच सुरुवातीलाच प्रत्येकाला एकटं भेटतात आणि हे विचारतात. अशा वेळी 181 ही महिला हेल्पलाइन आहे, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. व्यसन जोरात चालू असेल तर आधी त्याचे उपचार. आणि नुसतं कोणाशी तरी बोलायचंय, पैसे नाहीत, तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416 सरकारी आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

शोधताना पहिल्या फोनवरच विचारून घ्या: शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणत असतील तर आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन आहे का, जोडप्यांबरोबर कुठल्या पद्धतीने काम करता, वेगळ्या सेशनमध्ये एकाने सांगितलेलं दुसऱ्यापासून लपवून ठेवणार का, आणि गरज पडली तर घरातल्या मोठ्यांना बोलवता का. शेवटच्या प्रश्नावर "शक्यतो नाही" असं उत्तर आलं आणि तुमच्या घरात मोठी माणसं असतील, तर दुसरीकडे बघा. आमचं आता महिन्यातून एकदा चालू आहे, पुढच्या वेळी बेंगळुरूचा दीर व्हिडिओवर येणार आहे, आईंनी कुठे किती दिवस राहायचं हे त्याच्याशी पण थेट बोलायचंय.