हेड उघडलंच नाही अन् 24,000 रुपये घेतले! जुनी डिझेल गाडी असेल तर वाचा

24,000 रुपये. एवढे घेतले गॅरेजवाल्यानं, अन् त्या बदल्यात गाडीला काय मिळालं तर चंदेरी रंगाचा एक हात आणि सायलेन्सरला लावायची पेस्ट. गॅरेजचं नाव लिहीत नाही कारण प्रकरण सुरू आहे, पण तालुक्याच्या ठिकाणी, मेन रोडवर, बाहेर कायम आठ-दहा गाड्या उभ्या असलेलं गॅरेज आहे, म्हणजे कोणालाही वाटावं की इथं काम चांगलं होत असेल. मलाही तेच वाटलं. आमच्या गावातल्या दोघांना मीच तिथं पाठवलं होतं, आता त्यांच्यासमोर तोंड दाखवायची लाज वाटते.

माझी जीप 2008 ची. 2023 मध्ये 15 वर्षं झाली तेव्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली, इंजिन ठणठणीत म्हणूनच वाढवली. वावरात जाणं, बाजार, आईला दवाखान्यात नेणं, सगळं तिच्यावरच. दिवाळीनंतर आवाज सुरू झाला. सकाळी थंड इंजिनला सेल्फ मारला की टक-टक-टक, अन् गाडी गरम झाली की आवाज कमी. ज्यांच्याकडं जुनी डिझेल गाडी आहे त्यांना लगेच समजलं असेल, मॅनिफोल्डचा स्टड तुटला की असाच आवाज येतो. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणारा भाग, अन् स्टड म्हणजे त्याला हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, धरून ठेवणारी आट्याची सळी. मॅनिफोल्ड बीडाचं (ओतीव लोखंडाचं), ते तापते-थंड होते, तापते-थंड होते, दर वेळी फुगते अन् आकसते, आणि तो सगळा ताण येतो कडेच्या स्टडवर. म्हणून पहिल्या अन् शेवटच्या सिलिंडरजवळचे आधी जातात. फट पडली की तिथून धूर निघते, बाजूला काळी काजळी धरते. 15-16 वर्षं झालेल्या गाडीत यात नवल काही नाही, हे मलाही माहीत होतं. मी काही अडाणी म्हणून फसलो नाही.

त्यानं बोनेट उघडलं, टॉर्च मारला अन् म्हणाला, "भाऊ, चार स्टड गेले, आतून तुटले, हेड उतरवल्याशिवाय निघत नाही. हेड नागपूरला लेथवर पाठवावं लागते." मी म्हटलं इथंच निघत नाही का, तर म्हणे, "निघते नं, पण ड्रिल तिरपं गेलं तर हेड बाद, मग मला नका बोलू." आता सांगा, असं म्हटल्यावर कोण माणूस जबरदस्ती करेल? भीती घालायची अन् मग स्वतःच उपाय सांगायचा, यांचा धंदाच तो. 10,000 इसार ऑनलाईन घेतला, तोही गॅरेजच्या नावावर नाही, भाच्याच्या खात्यावर. बाकी 14,000 गाडी नेताना नगदी, कारण "नेट चालून नाही राहिलं." नगदी कोणी मागितली तर तिथूनच परत फिरा, नेट नसेल तर बँकेत जाऊन टाकतो म्हणा.

हिशोब त्यानं चिठ्ठीवर लिहून दिला, तो जसाच्या तसा देतो. हेड खोलणे-बसवणे मजुरी 6,500. हेड फेसिंग (तोंड सपाट करणं) 2,200. चार स्टड काढणे 2,000. नवीन स्टड-नट 1,450. हेड गॅस्केट (जोडात बसवायची सीलची पट्टी) 1,900. मॅनिफोल्ड गॅस्केट 650. नवीन मॅनिफोल्ड 7,200. ऑईल-कूलंट 2,600. झाले 24,500, त्यातले 500 "तुमच्यासाठी" सोडले. मधात व्हॉट्सॲपवर एक फोटो पण पाठवला, लेथवर ठेवलेल्या हेडचा.

आता ती गोष्ट, जी रात्री झोपताना आजही डोक्यात फिरते. गाडी घ्यायला गेलो तेव्हा सवयीनं मी रेडिएटरचं झाकण उघडून पाहिलं. पाणी तेच, गंजाळलेलं, चहासारखं लाल. उन्हाळाभर विहिरीचं पाणी टाकत होतो ना, तेच. हेड उतरवायचं म्हणजे पाणी आधी काढावंच लागते, आणि चिठ्ठीवर तर नवीन कूलंट लिहिलेलं. मग कूलंटसारखं हिरवं का नाही? मी विचारलं, विचारलं नाही असं नाही! तर म्हणतो, "ब्लॉकात जुना गंज आहे भाऊ, कूलंट टाकलं तरी दोन दिवस असंच दिसते, मग बसते खाली." आणि हे बोलणं खोटंही वाटत नाही, कारण जुन्या इंजिनात गंज खरंच असते. जुनी गॅस्केट, जुनं मॅनिफोल्ड दाखव म्हटलं तर "सकाळीच भंगारवाल्यानं नेलं." इकडं कापूस वेचायला माणसं लावलेली, घरून फोनवर फोन, गाडी सुरू केली तर आवाज एकदम बंद, मॅनिफोल्ड नवं कोरं चमकत होतं. अशा वेळी कोण इंजिनाखाली घुसून पाहते? माझ्या जागी कोणीही असता तरी पैसे देऊन निघाला असता. पण ते लाल पाणी समोर होतं, माझ्या डोळ्यासमोर होतं, अन् याचाच जास्त राग येते.

महिनाही नीट गेला नाही, टक-टक परत सुरू. या वेळी धूर आत यायला लागला, आई मागं बसली की डोकं धरायची, मळमळते म्हणायची. इंजिनाचा धूर आत येणं म्हणजे खेळ नाही, त्यात कार्बन मोनॉक्साईड असते, त्याला वास नसते, माणूस गाडीतच बेशुद्ध पडू शकते. पैशाचं एक वेळ सोडा, त्यानं माझ्या आईच्या जिवाशी खेळ केला. गॅरेजवर गेलो तर म्हणे, "तुम्हीच गाडी ओढली असेल, लोड टाकला असेल, त्याची गॅरंटी नसते."

मग एस.टी. डेपोतून रिटायर झालेल्या एका मिस्त्रीकडं नेली, घरीच अंगणात काम करतात. त्यांनी पाना लावायच्या आधी शेवटचा नट नुसता बोटानं हलवला अन् तो हातात आला. नटात स्टडचा पेराएवढा तुकडा अडकवलेला, अन् मागून पेस्टनं चिकटवलेला. म्हणजे छिद्रात तुटलेला स्टड तसाच, वरून दिखाऊ नट! असे तीन. चार तुटले नव्हतेच कधी. ती पेस्ट थोडे दिवस फट बुजवते, मग जळून झडते. मॅनिफोल्ड जुनंच, वरून उष्णता सहन करणारा चंदेरी रंग मारलेला, नखानं खरवडला तर खाली गंज. हेडचं तर मिस्त्री नुसते पाहूनच म्हणाले, "हे उघडलंच नाही बाबू." रॉकर कव्हर (हेडवरचं झाकण) काढल्याशिवाय हेड निघत नाही, अन् कव्हरच्या जोडावर तेल-धुळीचा जुना थर तसाच जमलेला, कुठं चिरसुद्धा नाही. अन् व्हॉट्सॲपचा फोटो? आपलं हेड बीडाचं, फोटोतलं ॲल्युमिनियमचं. दुसऱ्याच गाडीचं.

त्यांनी खरं काम कसं केलं तेही लिहितो, म्हणजे "हेड उतरवावंच लागते" म्हणणाऱ्याला तुम्ही उलट विचारू शकाल. मॅनिफोल्ड काढलं, तुटक्या स्टडवर डब्ल्यूडी-40 मारून रात्रभर ठेवलं. दोन स्टडचं टोक थोडं बाहेर होतं, त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारलं, थोडं थंड होऊ दिलं अन् पान्यानं हळूहळू मागं-पुढं करत फिरवलं, निघाले. वेल्डिंगची उष्णता गंजाची पकड सोडवते. तिसरा आत तुटला होता, त्याला बरोबर मध्यभागी पंच मारला, बारीक ड्रिलपासून सुरुवात करून भोक वाढवलं, अन् आटे खराब निघाले म्हणून हेलिकॉईल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवली. ईझी-आऊट (तुटका स्टड उलटा फिरवून काढायचं हत्यार) त्यांनी वापरलं नाही, म्हणाले ते आत तुटलं तर इतकं कडक असते की ड्रिल लागतच नाही. मॅनिफोल्डवर पट्टी ठेवून पाहिलं तर वाकलेलं होतं, ते लेथवर सपाट करून आणलं. वाकलेलं तसंच बसवलं की नवे स्टडही तुटतात, हे नक्की विचारा. हार्डवेअरच्या दुकानातले साधे बोल्ट टाकू देऊ नका, स्टड मॅनिफोल्डचेच पाहिजे. कसताना मधातून सुरू करून कडेला जायचं, अन् थोडी गाडी चालल्यावर थंड इंजिनावर परत एकदा कसायचं. मजुरी 1,950, स्टड 800, गॅस्केट 650, लेथ 400. एकूण 3,800. हेड जागेवरच!

मग गेलो पोलीस स्टेशनला. आधी बसवून ठेवलं, मग साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच दिले नं? मग फसवणूक कशी? सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं साहेब, न केलेल्या कामाचे पैसे खोटं सांगून घेतले, याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं, भारतीय न्याय संहितेत कलम 318 कशासाठी आहे? तर मलाच म्हणे, "वकील आहे का तू?" अर्ज घेतला पण पोच देईना. पोच मागितली तर "ठेवून जा." आरटीओला गेलो, तर म्हणे गॅरेज आमच्याकडं येत नाही. जीएसटीवाल्यांकडं गेलो की बिल देत नाही म्हणून, तर त्याची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नंबर लागत नाही. अरे मग बाहेर उभ्या आठ-दहा गाड्या दिसत नाही का कोणाला? हेल्पलाईनवर तक्रार नंबर दिला अन् पुढं काही नाही. प्रत्येक जण दुसऱ्या टेबलाकडं बोट दाखवते, अन् तो गॅरेजवाला तिकडं रोज नवीन गिऱ्हाईक कापते. शेतकऱ्याकडं एक हप्ता थकला तर बँकेचा माणूस दारात उभा राहते, अन् दिवसाढवळ्या 24,000 लुटले तर सगळ्यांना ते सिव्हिल मॅटर! मिस्त्रींना लिहून द्या म्हटलं, ते पण नाही म्हणाले, धंद्यातल्या माणसाशी वैर नको. त्यांना दोष देत नाही. बरं झालं पोरानं खोटे नट काढतानाचा व्हिडिओ काढला होता.

पोलिसांनी घेतलं नाही तर तोच अर्ज जिल्ह्याच्या एसपींना स्पीड पोस्टानं पाठवता येते, मी पाठवला, त्याची पावती तरी मिळते. अन् जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत. मी टाकली. तिथं पहिला प्रश्न हाच, की 14,000 नगदी दिल्याचा पुरावा काय? 10,000 भाच्याच्या नावावर, त्याचा गॅरेजशी संबंध काय? आणि चिठ्ठीवर वर छापलंय "एस्टिमेट", बिल नाही. तेव्हा कोणाकडं अशीच चिठ्ठी असेल तर माझ्याशी बोला, दोघा-तिघांचं मिळून वजन पडेल. फक्त त्यावर गाडी नंबर आहे का तेवढं आधी पाहा, माझ्या चिठ्ठीवर नव्हता, अन् ठाण्यातले साहेब तेवढ्यावरच अडून बसले होते.