क्लेमच्या खात्याचं पासबुक कुणाकडे आहे, ते आधी बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांच्या घरातलं माणूस गाडीच्या धडकेनं अंथरुणाला खिळलंय, त्यांनी हे पूर्ण वाचावं. नुकसानभरपाईचा क्लेम जरूर घाला, तो तुमचा हक्क आहे. पण क्लेमच्या नावाखाली माझ्या थोरल्या भावाला ज्या पद्धतीनं लुबाडलं, ती पद्धत आमच्या एका घरापुरती नाही. कोर्टाच्या आवारात भेटलेल्या इतर घरांकडूनही मी तेच ऐकलं.

दादा गवंडी. गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला आणि काम शिनोळीकडे, म्हणजे चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. आमच्याकडची माणसं रोज हद्द ओलांडतात. ती हद्द आठवते फक्त कागद करताना. संध्याकाळी मोटारसायकलवरून परतताना समोरून ओव्हरटेक करणाऱ्या टेम्पोनं त्याला उडवलं. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला, मनगटही गेलं. गुन्हा चंदगड पोलिसांत नोंदवला गेला आणि उपचार बेळगावातल्या एका खाजगी दवाखान्यात झाले.

ऑपरेशन व्हायच्या आधीच क्लेमच्या केसेस गोळा करणारा एक एजंट वॉर्डात हजर होता. कुणी बोलावलं नव्हतं. वहिनीला चहा आणून दिला, औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन खाली जाऊन आला, काउंटरवर कन्नडमध्ये बोलून बिलाची मुदत वाढवून घेतली. वहिनीला कन्नड वाचता येत नाही, बोलणंही जेमतेम. अशा वेळी आपल्या भाषेत बोलणारा माणूस भेटला की आधार वाटतोच. "वहिनी, तुम्ही कशाला काळजी करताय? मी हाय की," हे त्याचं पालुपद.

मग त्यानं भीती घातली. "अपघात महाराष्ट्रात, दवाखाना कर्नाटकात. असली केस कोण घेत न्हाई. कोल्हापूरला हेलपाटे मारायला जमणार हाय का? आमच्या साहेबांची ओळख हाय, हितंच लावून घेतो. फकस्त तीस टक्के द्यावं लागतंय." वर मुदतीची घाई.

यातली ओळखीची गोष्ट धादांत खोटी होती आणि सीमाभागातल्या माणसाला ती सगळ्यात जास्त चावते, म्हणून नीट सांगते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 166 प्रमाणे क्लेम जिथं अपघात झाला तिथल्या ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, घालता येतो, तसाच जखमी माणूस जिथं राहतो किंवा जिथं त्याचा धंदा आहे तिथंही घालता येतो. अपघात चंदगडला होवो की आजऱ्याला, बेळगावचा रहिवासी बेळगावातच क्लेम घालू शकतो. त्याला कुणाची ओळख लागत नाही. चंदगड पोलिसांचे कागद मराठीत होते आणि ते भाषांतर करून लावायचे होते, एवढाच काय तो फरक. त्या भाषांतराच्या नावाखालीही त्यानं वहिनीकडून वेगळे पैसे काढले.

मुदतीचं मात्र अर्धं खरं आहे. एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत क्लेम घालण्याची अट कायद्यात आली आहे. तिला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आहेत, पण त्या भरवशावर कुणी थांबू नये. सहा महिने म्हणजे ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सह्या करण्याइतकी घाई नव्हे, एवढंच.

सह्या पलंगावरच झाल्या. मनगटाला प्लास्टर, म्हणून काही ठिकाणी डाव्या हाताचा अंगठा. वकीलपत्र, कन्नडमधले दोन-तीन अर्ज, आणि त्यांच्या खाली कोरे कागद. पुढं दादा कुबड्यांवर चालायला लागल्यावर एजंट त्याला एका बँकेत घेऊन गेला. "कोर्टाला क्लेमचं वेगळं खातं लागतंय," म्हणाला. दादाचं गावातल्या बँकेत चांगलं चालू खातं होतं, तेही चाललं असतं. ट्रिब्युनलला जखमी माणसाच्या स्वतःच्या खात्याचा तपशील लागतो, एवढंच. नव्या खात्यावर मोबाईल नंबर एजंटचा. पासबुक, एटीएम कार्ड आणि सही केलेलं चेकबुक "फाइलीला लावायला" म्हणून त्याच्याकडे. सगळा डाव इथं होता.

यानंतर लोकअदालतीचा, म्हणजे तडजोडीनं केस मिटवायचा दिवस. आदल्या रात्री फोन आला, "उद्या साहेब विचारतील, फकस्त हूं म्हणायचं." दादानं हूं म्हटलं आणि कागदावर सही केली. त्यावर आकडा होता 3 लाख 60 हजारांचा. घरी मात्र एजंटनं सांगितलं की विमा कंपनीनं फार घासाघीस केली, 1 लाख 60 हजारच मंजूर झाले. त्यातले तीस टक्के म्हणजे 48 हजार आमचे. उरलेले 1 लाख 12 हजार रोख आणून वहिनीच्या हातात ठेवले, वर पेढेही.

मला खटकलं ते रोख पैशांमुळे. ट्रिब्युनलचे पैसे रोखीनं कसे येतील? ई-कोर्ट्सच्या ॲपवर पक्षकाराचं नाव आणि वर्ष घालून शोध घेतला आणि दादाची केस सापडली. फुकट आहे हे ॲप. प्रत्येक केसला अक्षरं आणि आकडे मिळून सोळा खुणांचा सीएनआर नंबर असतो. तो एकदा मिळाला की तारीख काय पडली, आदेश काय झाला, घरबसल्या दिसतं. तिथं तडजोडीची रक्कम वाचून वहिनी खालीच बसली. दादाला घेऊन बँकेत गेलो, त्याच्या आधार कार्डावर स्टेटमेंट मागितलं. पूर्ण रक्कम आली होती आणि आठवड्याच्या आत सेल्फच्या चेकनं, म्हणजे दादाच्याच नावानं रोख काढायच्या चेकनं, काढलीही होती.

पण मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. मुळात तो आकडाच कमी होता. पाय मोडलेल्या गवंड्याला फक्त दवाखान्याचं बिल भरून मिळायचं नसतं. कायमचं अपंगत्व आलं तर पुढच्या कमाईचं नुकसान धरतात. त्यासाठी वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला गुणायचा आकडा, ठरलेला आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालापासून. 36 ते 40 वयाला तो 15. दादा 38 चा. महिन्याची कमाई 15 हजार आणि कमाईवर परिणाम 20 टक्के धरला, तरी 15 हजार गुणिले 12 गुणिले 15, त्याचे 20 टक्के म्हणजे 5 लाख 40 हजार. ही फक्त कमाईची बाजू. औषधपाणी, वेदना, घरी पडून राहिलेले महिने, सेवेला लागलेलं माणूस हे सगळं वेगळं. डॉक्टरांचा अपंगत्वाचा दाखला काढू का, असं वहिनीनं विचारलं होतं, तर "त्याची गरज न्हाई" असं उत्तर आलं होतं. गरज नव्हती ती एजंटला. त्याला केस लवकर मिटवून पैसे उचलायचे होते. दादा परत परांचीवर चढू शकत नाही, याची किंमत त्या फाइलीत कुठं लिहिलेलीच नव्हती.

आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. फसवून सही घेतली असं म्हणायचं तर हायकोर्टात रिट याचिका करावी लागते, आणि तिथंही फसवणूक दाखवून द्यावी लागते. लोकअदालत वाईट नाही, कितीतरी जणांना तिथं लवकर न्याय मिळतो. पण सही करण्याआधी आकडा स्वतःच्या भाषेत मोठ्यानं वाचून घ्या. समजलं नाही तर न्यायाधीशांसमोरच सांगा की मला कन्नड वाचता येत नाही.

टक्केवारीबद्दलही सांगते. वकिलानं निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवायला बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांनी बंदी आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेलंगणातल्या एका बाईच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं; तिचा नवरा अपघातात गेला होता आणि वकील नुकसानभरपाईत टक्केवारी मागत होता. दवाखान्यात फिरून केसेस गोळा करणाऱ्या दलालांवर कारवाईसाठी 2023 मध्ये वकील कायद्यातही दुरुस्ती झाली आहे. तेव्हा कुणी "एवढे टक्के पडतात, सगळेच घेतात" म्हणालं तर तिथंच उठा.

बेळगावच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना, कारखान्यातल्या कामगारांना आणि कमी उत्पन्नाच्या घरांना तिथं वकील फुकट मिळतो. फोनसाठी 15100. आम्हाला तिथल्या वकीलबाईंनी अर्ज लिहून दिले, मराठीतून समजावून सांगितले. आता एजंटविरुद्ध पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे आणि ज्यांच्या नावानं वकीलपत्र होतं त्यांच्याविरुद्ध राज्य बार कौन्सिलकडे. ते वकील म्हणतात, एजंटला मी ओळखत नाही. खात्याचं स्टेटमेंट, चेकच्या प्रती आणि त्या नवीन खात्यावर नोंदलेला मोबाईल नंबर आम्ही दोन्ही तक्रारींना जोडला आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.

ज्यांच्या केसेस चालू आहेत त्यांनी वकिलाकडून सीएनआर नंबर आजच मागून घ्या. क्लेमसाठी नवं खातं उघडलं असेल तर बँकेत जाऊन त्यावरचा मोबाईल नंबर आपला करून घ्या, चेकबुक दुसऱ्याकडे असेल तर न वापरलेल्या चेकचं पेमेंट थांबवायचा लेखी अर्ज द्या आणि त्या अर्जावर बँकेचा शिक्का घ्या.