जुन्या पिकअपचा सायलेंसर : थिगळ लावायचं की नवा टाकायचा?

माझी पिकअप २०१२ची. सोयाबीनचे कट्टे लातूरच्या मोंढ्यात टाकायचे, येताना खताची पोती आणायची, एवढंच तिचं काम. तीन पावसाळ्यांत तिच्या सायलेंसरवर मी तीन वेगवेगळे उपाय केले. त्यातले दोन फसले.

भाव विचारायच्या आधी गाडीखाली शिरा आणि भोक नेमकं कुठे आहे ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो. सकाळी गाडी थंड असताना चालू करा आणि कुणाला तरी मागच्या पाइपच्या तोंडावर ओल्या फडक्याचा बोळा क्षणभर धरायला सांगा. फुसफुस जिथून येईल तिथे फूट. जोडाशी काजळीचा काळा ओघळ दिसला तरी तीच खूण. सायलेंसरचा डबा किंवा मागचा पाइप फुटला असेल तर चार दिवस थांबता येतं. फक्त गल्लीतले लोक शिव्या देतात. पण मेनिफोल्डपासून (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) केबिनखालच्या पाइपपर्यंत कुठेही गळत असेल तर थांबू नका. तो धूर केबिनमध्ये शिरतो. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण काचा बंद करून रात्रीचा प्रवास असेल तर तेवढाही पुरतो. डोकं जड होतं आणि ड्रायव्हरला वाटतं, झोप झाली नाही. टर्बोच्या (धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) आधी गळत असेल तर गाडी चढावर ओढही धरत नाही.

आता पहिला पर्याय, वेल्डिंगचं थिगळ. खर्च शेकड्यांत आणि तासाभराचं काम, म्हणून आपण सगळे आधी तिकडेच धावतो. पण सायलेंसरचा डबा आतून सडतो. डिझेल जळताना पाण्याची वाफ होते, ती डब्यात साचते. गाव ते मोंढा आठ-दहा किलोमीटरच्या फेरीत डबा एवढा तापतच नाही की ते पाणी उडून जावं. बाहेरून काळ्या मातीचा चिखल चिकटतो, तोही ओल धरून ठेवतो. भोक दिसेपर्यंत आजूबाजूचा पत्रा कागदासारखा झालेला असतो आणि वेल्डिंगची कांडी लावली की भोक मोठं होतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा : ठणठण वाजलं तर थिगळ टिकेल, भदभद वाजलं तर पैसे वाया. माझ्या डब्याचं थिगळ दिवाळीपर्यंतही टिकलं नाही. त्याच दिवशी मागच्या पाइपला मारलेला टाका मात्र अजून शाबूत आहे. बऱ्याच डब्यांना खालून पाणी निथळायला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. वेल्डर उत्साहाने तेही बुजवतो, तेवढं सांभाळा. आणि कांडी लावायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, नाहीतर गाडीचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जायचा.

दुसरा पर्याय, फॅब्रिकेशनवाल्याकडून डबा बनवून घेणं. जाड पत्रा बघून मन खूश होतं. मीही झालो. पण कंपनीच्या डब्यात जाळीचे पाइप आणि कप्पे असतात, आवाज तिथे मरतो. आमच्या मिस्त्रीने मधे एक पत्रा उभा केला आणि झालं! गाडी ट्रॅक्टरसारखी घुमायला लागली. वजन इतकं की लटकवायचे रबर चार महिन्यांत तुटले आणि औशाच्या रस्त्यावर डबा दोरीने बांधून आणावा लागला. हा मार्ग घ्यायचाच असेल तर पाइपचं माप मूळ पाइपाएवढंच ठेवा. बारीक पाइपात धूर कोंडतो, इंजिन दमतं, डिझेल जास्त जातं. पाण्याचा जस्ती पाइप तर वापरूच देऊ नका. वेल्डिंग करताना जस्ताच्या धुराने मिस्त्रीला ताप भरतो.

बाजारात मिळणारा तयार सायलेंसर हजारांत जातो, पण नटबोल्टाला थेट बसतो. बहुतेक जुन्या गाड्यांना माझं मत यालाच. दुकानात दोन वेगवेगळे डबे हातात घेऊन तोला, हलका नको. जुना पाइप सोबत नेऊन फ्लँजची (पाइपाच्या टोकाला बोल्ट लावायची चकती) भोकं जुळतात का तेही तिथेच बघा. कंपनीचा माल महाग, पण बसवताना कटकट नाही. स्टेनलेसचा विचार गाडी अजून बरीच वर्षं ठेवणार असाल तरच करा. तिथेही लोहचुंबकावर विसंबू नका : सायलेंसरसाठी वापरतात ते ४०९ ग्रेडचं स्टील चुंबकाला चिकटतं, तरी स्टेनलेसच असतं.

भंगारातून डबा आणणं म्हणजे दुसऱ्याचा गंज विकत घेणं. मेनिफोल्ड मात्र खुशाल आणा. तो बिडाचा असतो. तडा नसेल आणि तोंड सपाट असेल तर जुना नव्याइतकाच चालतो.

गाडीला कॅटकॉन (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) असेल तर ‘आतून रिकामा करून देतो, ॲव्हरेज वाढेल’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. ऐकू नका, ते कायद्यात बसत नाही. बदलावाच लागला तर जुना गॅरेजवर सोडून येऊ नका. त्यात प्लॅटिनम-पॅलेडियम असतं, भंगारात त्याला लोखंडापेक्षा जास्त भाव येतो.

किती खर्च करायचा, हे गाडीच्या उरलेल्या वर्षांवर ठरवा. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं फिटनेसचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरंच वाढलंय. माझी गाडी २०२७ला पंधराची होईल, म्हणून मी बाजारातला तयार डबा टाकला. २०१८-१९ची असती तर कंपनीचाच घेतला असता.

काहीही टाका, पॅकिंग, नट आणि रबर नवेच घ्या. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंजाचा स्प्रे मारून ठेवा. घाईत मेनिफोल्डचा स्टड (इंजिनात बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट) तुटला तर तो काढायची मजुरी सायलेंसरपेक्षा डोईजड होते. आठवडाभर गाडी चालली की थंड असताना सगळे नट पुन्हा आवळा. माझे दोन सैल निघाले होते.