जुन्या गाडीची स्टार्टिंगची दुखणी : मल्टीमीटर आणि ओबीडी स्कॅनर काही महिने वापरल्यानंतर

माझी गाडी 2014 सालची, सेकंडहँड घेतलेली पेट्रोल हॅचबॅक असून आधीच्या मालकाने तिला सीएनजी किट बसवले आहे. तिच्या स्टार्टिंगच्या तक्रारींचा माग काढण्यासाठी मी पावसाळ्यापासून साधा डिजिटल मल्टीमीटर (व्होल्टेज, प्रवाह आणि रोध मोजणारा) आणि ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा) वापरत आहे. स्कॅनरची जाहिरात मोठी असली, तरी जास्त उपयोगी पडला तो मल्टीमीटरच.

पहिली तक्रार अशी की सकाळी सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) जड फिरत असे आणि दमट हवेत नुसता ‘टक’ आवाज होऊन गाडी गप्प बसत असे. गॅरेजमध्ये अशा वेळी पहिला सल्ला बॅटरी बदलण्याचा मिळतो, आणि तो दर वेळी चुकीचा असतो असेही नाही. मात्र रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसत होते, म्हणजे ती पूर्ण चार्ज होती. सेल्फ मारताना व्होल्टेज साधारण 9.6 च्या खाली गेले तर बॅटरीवर संशय घ्यावा, असा ढोबळ नियम आहे. येथे ते 10.8 वर टिकून होते, तरीही सेल्फ रखडत होता. बॅटरी ताकद राखून आहे आणि सेल्फपर्यंत ती पोहोचत नाही, याचा अर्थ अडथळा मधल्या वायरींत होता.

तो शोधण्यासाठी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर) आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर धरले, इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) काढून ठेवला आणि घरच्यांना चावी फिरवायला सांगितली. येथे 0.2 व्होल्टच्या आसपास फरक चालतो, मला 1.3 दिसला. सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर खेचत असल्यामुळे अर्थिंगच्या (बॅटरीचे ऋण टोक इंजिनाला जोडणाऱ्या) वायरीतला किरकोळ रोधही एवढा व्होल्टेज गिळतो. बाहेरून वायर धडधाकट होती, पण लगजवळचे (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळचे) रबरी आवरण चिरल्यावर आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडून भुसभुशीत झालेल्या आढळल्या. नवी वायर बॅटरीच्या तुलनेत अगदीच स्वस्तात पडली.

दुसरी तक्रार वेगळीच निघाली. लांबच्या प्रवासानंतर गाडी बंद केली की सेल्फ जोरात फिरे, पण इंजिन पकडत नसे, आणि थंड झाल्यावर मुकाट्याने चालू होई. पंपाचा घुं आवाज येत होता, प्लगला मात्र ठिणगी नव्हती. येथे स्कॅनर कामी आला. सेल्फ फिरत असताना त्याच्यावर आरपीएम शून्य दिसत होते आणि गाडीच्या मेमरीत पी0335 हा क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरत असल्याचे संगणकाला कळवणाऱ्या सेन्सरचा) कोड होता. तरीही कोड म्हणजे निदान नव्हे, कारण वायर तुटली असली तरी तोच येतो. म्हणून गरम सेन्सरची दोन टोके थेट मीटरने मोजली, तेव्हा पडद्यावर डावीकडे एकटा ‘1’ दिसला, म्हणजे सर्किट उघडे. थंड झाल्यावर त्याच टोकांवर रोध पुन्हा दिसू लागला. ही पद्धत दोन पिनांच्या, कॉइल असलेल्या सेन्सरपुरतीच आहे. तीन पिनांच्या हॉल सेन्सरला ती लावू नये.

सीएनजीवाल्यांसाठी येथेच सांगतो: बहुतेक किटमध्ये गाडी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जाते, त्यामुळे टाकी कायम तळाला ठेवली की टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहणारा पंप तापतो आणि स्टार्टिंगची नवी तक्रार सुरू होते.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर मीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर लावून, बॅटरीची ऋण वायर सोडवून, ती वायर आणि ऋण खांब यांच्या मध्ये जोडावा, दारे बंद करावीत आणि गाडीतली यंत्रणा झोपी जाईपर्यंत अर्धा तास थांबावे. 50 मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सामान्य समजतात. माझ्या गाडीत बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम सुमारे 300 खात होती, म्हणजे दिवसाला सात अँपिअर-तासांहून अधिक. या जोडणीत चावी फिरवली तर मीटरचा फ्यूज जाणार हे नक्की, आणि काही स्वस्त मीटरांत त्या सॉकेटला फ्यूजच नसतो, तेव्हा खरेदीआधी ते तपासावे.

मीटरबद्दल तक्रारी दोन आहेत. सोबत आलेल्या वायरी आखूड आहेत, त्यामुळे मगरचिमट्यांच्या लांब वायरी वेगळ्या घ्याव्या लागल्या; शिवाय आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलत असल्यामुळे सेल्फच्या पहिल्या झटक्यातली नीचांकी घसरण तो टिपत नाही. आज घ्यायचा झाला तर थोडे जास्त पैसे देऊन किमान-कमाल नोंद ठेवणारा मीटर घेईन. स्कॅनर मात्र आहे तोच पुरे.