नाणी जमवणाऱ्यांसाठी ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा: घ्यावा का?

नाण्यांचा नाद लागला की माणूस आधी भिंग घेतो, मग अल्बम घेतो आणि काटा घ्यायचा राहूनच जातो. माझं म्हणणं, काटा आधी घ्या. खिशात मावणारा, २०० ग्रॅमपर्यंत वजन घेणारा आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत आकडा दाखवणारा जो काटा मिळतो त्याबद्दल लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, कारण अगदी तोच काटा वेगवेगळ्या नावांनी विकला जातो.

फोटो काढून नाणं ओळखणारी ॲप्स आहेत, नाणं कुठलं ते बऱ्याचदा बरोबर सांगतात पण खरं की खोटं ते फोटोवरून कळत नाही. वजनाचं तसं नाही. खऱ्या नाण्याचं वजन ठरलेलं असतं: अमेरिकेचा जुना चांदीचा मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅम, ब्रिटिश इंडियाचा चांदीचा रुपया ११.६६. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरणारच, पण चांगला ठसठशीत मॉर्गन २४ ग्रॅम भरत असेल तर विषय संपला, भिंग काढायचीही गरज नाही.

आता खरी मजा. जॉर्ज सहाव्याचा १९३८ चा रुपया आणि १९४० ते १९४५ मधला रुपया, दोन्हीचं वजन ११.६६ च, पण आधीच्यात चांदी ९१.७ टक्के आणि नंतरच्यात ५०. नुसत्या वजनाने फरक कळणार नाही. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवायची, टेअर दाबून शून्य करायचं आणि नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला टेकणार नाही असं धरायचं. जो आकडा येतो तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. जास्त चांदीच्या रुपयाला साधारण १.१३ येतो, ५० टक्केवाल्याला १.२२ च्या आसपास. कोरडं वजन भागिले हा आकडा केलं की घनता मिळते, पहिल्याची १०.३ आणि दुसऱ्याची ९.५. नाणं झिजलेलं असलं तरी घनता बदलत नाही, म्हणून मला ही पद्धत इतकी आवडते! नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो तेवढं बघा, आणि नंतर मऊ कापडाने टिपून घ्या, घासू अजिबात नका.

तक्रारी आहेत. सगळ्यात वैताग म्हणजे काटा आपोआप बंद होतो, दोरा हातात धरून पाणी स्थिर व्हायची वाट बघतोय आणि स्क्रीन गेली, की पुन्हा टेअरपासून सुरुवात. पंखा चालू असेल तर शेवटचा आकडा नाचत राहतो. कॅलिब्रेशनचं, म्हणजे काटा बरोबर दाखवतो का ते तपासून जुळवायचं, १०० ग्रॅमचं वजन माझ्या बॉक्समध्ये नव्हतं, वेगळं घ्यावं लागलं, आणि ते नसेल तर पुढे मागे काट्यावर भरवसा ठेवणं अवघड आहे.

काट्याने सगळंच कळतं असंही नाही. मारिया थेरेसा थेलर या ऑस्ट्रियाच्या चांदीच्या नाण्यावर १७८० साल असतं पण तेच साल घालून तो पुढे शेकडो वर्षं पाडला गेला, वजन तेच, चांदी तीच, त्यामुळे तुमच्याकडचा कधीचा आहे ते ठशातल्या बारकाव्यांवरूनच शोधावं लागतं. नोटांना तर काट्याचा उपयोगच नाही, तिथे भिंग आणि यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च लागतो. नोटेचा कागद सहसा कापसाचा असतो आणि यूव्हीखाली काळपट राहतो, साधा पांढरा कागद निळसर चमकतो.

घेताना ०.१ ग्रॅमवाला घेऊ नका, १.१३ आणि १.२२ मधला फरक त्यावर भरवशाने कळणार नाही. आपोआप बंद होण्याची सोय बंद करता येत असेल तर तोच मॉडेल घ्या. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.