सफरचंदावर कॅल्शियम क्लोराईड: हंगामभर फवारणी, मग शीतगृहातले महिने

कॅल्शियम क्लोराईडचे फ्लेक्स हंगामभर फवारले, माल शीतगृहात ठेवला आणि आता शेवटचे क्रेट बाहेर निघाल्यावर हा अनुभव लिहितो आहे. त्याआधी लिहिण्यात अर्थच नव्हता. तोडणीच्या वेळी नितळ दिसलेलं फळ साठवणीच्या पहिल्या एक-दोन महिन्यांत डागाळतं, हीच बिटर पिटची, म्हणजे फळात कॅल्शियम कमी पडल्याने उठणाऱ्या कडवट डागांच्या विकाराची, खोड आहे. त्यामुळे या फवारणीचा खरा निकाल बागेत नाही, शीतगृहात लागतो.

निकाल चांगला आहे. गोल्डन डिलिशस जातीच्या काही ओळी तुलनेसाठी मुद्दाम फवारणीविना ठेवल्या होत्या. त्यांच्या क्रेटमधल्या फळांवर देठाच्या उलट बाजूला, जिथे फुलाचा वाळलेला अवशेष असतो तिथे, बारीक खोलगट तपकिरी ठिपके उठले. सुरीने पातळ साल काढली की खाली कोरडा, बुचासारखा गर लागतो आणि चवीला तो कडवट असतो. फवारलेल्या ओळींत असं फळ शोधावं लागलं. हनीक्रिस्पमध्ये मात्र डाग कमी झाले, संपले नाहीत. ही जात मुळातच या विकाराला फार बळी पडते, तेव्हा नुसत्या फवारणीवर विसंबून तिचा माल लांब साठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अनेकांना वाटतं की जमिनीत कॅल्शियम कमी पडतं म्हणून हे होतं. तसं नाही, चुनखडीच्या जमिनीतल्या बागांतही बिटर पिट येतो. कॅल्शियम पाण्याबरोबर जलवाहिन्यांतून चढतं आणि बाष्पोच्छ्वास जास्त तिकडे, म्हणजे पानांकडे, ओढलं जातं. पानात गेलेलं कॅल्शियम फळाकडे परत वळत नाही, कारण पानांतलं अन्न फळाकडे नेणाऱ्या रसवाहिन्यांतून ते जवळपास वाहतच नाही. त्यात फळ मोठं होत जाईल तशा त्याच्या आतल्या जलवाहिन्या निकामी होत जातात. फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मिळालं ते मिळालं. पुढे फळ फुगतं आणि तेवढंच कॅल्शियम मोठ्या गरात विरळ होतं. पानाच्या कोरड्या वजनात दीड-दोन टक्के कॅल्शियम सहज असतं. फळाच्या 100 ग्रॅम ताज्या वजनात मात्र ते जेमतेम 5 मिलिग्रॅमच्या आसपास! कॉक्स जातीचा माल लांब साठवायचा तर साधारण हीच किमान पातळी धरतात. डागाळलेल्या सफरचंदात कॅल्शियम कमी असतं हे डीलाँग या संशोधकाने 1936 मध्येच दाखवलं होतं.

म्हणून वापरताना सगळ्यात महत्त्वाचं हे की फवारा फळाला लागला पाहिजे. नुसतं पान ओलं झालं तर फळाला काही मिळत नाही. कॅल्शियम शिरतं ते फळाच्या सालीतूनच. दाट झाडाच्या आतल्या आणि शेंड्याकडच्या फळांपर्यंत पाणी पोचतंय का, हे फवारणी संपताच हात घालून बघावं. 100 लिटर पाण्याला साधारण 300 ते 500 ग्रॅम, दर दहा-बारा दिवसांनी, फळ लहान असल्यापासून तोडणीजवळ येईपर्यंत. एका जबर फवारणीपेक्षा अनेक सौम्य फवारण्या कधीही बऱ्या. तापमान 27 अंशांच्या वर असेल तर थांबा, पानांच्या कडा करपतात. भर उन्हाळ्यात मी फक्त संध्याकाळी फवारलं.

हाताळणीबद्दल थोडं. फ्लेक्स पाण्यात पडताच द्रावण चांगलंच तापतं, बादलीच्या बाहेरूनसुद्धा हाताला ऊब लागते. म्हणून पाणी आधी घ्यावं आणि फ्लेक्स हळूहळू सोडावेत, उलट करू नये. पोतं उघडं राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढून चिकट लगदा होतं. पंपाच्या लोखंडी भागांना गंज चढतो, तेव्हा काम झालं की साध्या पाण्याने पंप धुतलाच पाहिजे. मॅग्नेशियम सल्फेटबरोबर एकाच टाकीत कालवू नका; जिप्सम तयार होतं आणि नोझल तुंबतात.

खरेदी करताना लेबलवर कॅल्शियमची टक्केवारी वाचा. निर्जल कॅल्शियम क्लोराईडमध्ये ती 36 असते, पाण्याचे दोन रेणू असलेल्या प्रकारात 27. कॅल्शियम नायट्रेटमध्ये 19 आणि सोबत नत्र, जे लाल जातींच्या रंगाला मारक ठरतं. चिलेटेड (सेंद्रिय रेणूत बांधलेलं कॅल्शियम) म्हणून येणाऱ्या कित्येक द्रव बाटल्यांत हा आकडा खूपच लहान असतो आणि वर मात्राही थोडी सांगितलेली असते. फळाला मिळतं ते एकूण कॅल्शियम, बाटलीवरचं विशेषण नव्हे.

पण अन्नद्रव्यांचा तोल बिघडलेला असेल तर फवारणी त्याला पुरी पडत नाही. नत्र जास्त झालं की फांद्या जोमात येतात आणि कॅल्शियम तिकडे पळतं. फळातलं पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम कॅल्शियमच्या तुलनेत वाढलं की बिटर पिट वाढतो. कडक छाटणी किंवा अति विरळणी झालेल्या झाडांवर फळं थोडी आणि मोठी येतात, आणि डाग पहिल्यांदा तिथेच दिसतात. पालाशची मात्रा ठरवताना केवळ माती परीक्षण नव्हे, फळाचं परीक्षणही करून घ्यावं. कोवळ्या फळांवर झाडावरच बुचकट डाग येत असतील आणि ते खोल गाभ्यापर्यंत जात असतील, तर संशय बोरॉनच्या कमतरतेवर घ्या.

साठवणीतल्या प्रत्येक डागाला हा उपाय नाही, हेही सांगितलं पाहिजे. उशिरा तोडलेल्या मोठ्या फळांचा गर आतून तपकिरी पडतो, तिथे कॅल्शियमची मदत होते. सालीवर पसरणारा तपकिरी स्काल्ड वेगळा: तो सालीतल्या अल्फा-फार्नेसिन या नैसर्गिक द्रव्याच्या ऑक्सिडेशनमधून येतो आणि फार लवकर तोडलेल्या फळांत जास्त दिसतो. हनीक्रिस्पची पंचाईत तर आणखीच वेगळी आहे. थंडीने होणारा सॉफ्ट स्काल्ड (सालीवरचे मऊ तपकिरी चट्टे) टाळायला हे फळ आठवडाभर 10 अंशांवर ठेवून मग 3 अंशांवर साठवतात, आणि नेमक्या त्या उबदार आठवड्यात बिटर पिट वाढतो. ज्या बागेत कॅल्शियम आधीच तोकडं आहे, तिथे हा सौदा महाग पडतो.

पुढच्या हंगामात फवारणी चालूच ठेवणार आहे. तिच्या जोडीला तोडणीच्या तीन आठवडे आधी प्रत्येक ओळीतली थोडी फळं काढून खोलीच्या तापमानाला ठेवायची आणि तोडणीपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. ज्या ओळीच्या फळांवर डाग उठतील, तिचा माल शीतगृहात न घालता तोडल्या तोडल्या विकायचा.