सव्वा लाख शॉट्स झालेल्या एअर रायफलीचे निदान : पुण्यातील एका आर्मररच्या सेवेचा अनुभव

माझी मुलगी कोल्हापुरात १० मीटर एअर रायफल हा प्रकार खेळते. तिची जर्मन बनावटीची, दाबहवेच्या सिलिंडरवर चालणारी रायफल आम्ही २०१९ मध्ये सेकंड-हँड घेतली. रोजचे साधारण शंभर शॉट्स आणि वर्षातले अडीचशे दिवस धरले, तर पाच वर्षांत सव्वा लाख शॉट्स होतात, म्हणजे पाचशे पॅलेट्सचे (शिशाच्या बारीक छर्ऱ्यांचे) अडीचशे डबे. एवढ्या वापरलेल्या रायफलीत नेमके काय झिजले आहे, हे सुटे भाग बदलण्याआधी शोधून काढणारा माणूस आम्हाला पुण्यात भेटला. घरातल्या खोलीत एकट्याने काम करणाऱ्या या आर्मररच्या (रायफली तपासून दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या) सेवेविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण आमच्यासारखे अनेक पालक याच अडचणीतून जात असतील.

तक्रार अशी होती. साठ शॉट्सच्या सामन्यात (प्रत्येक शॉटला जास्तीत जास्त १०.९ गुण) ६२२ च्या आसपास असणारा तिचा स्कोअर दोन-तीन महिन्यांत ६१४ पर्यंत घसरला. ९.८, ९.९ असे शॉट्स मधूनच येत आणि ते बहुतेक वरच्या बाजूला पडत. साहजिकच आधी तिचा श्वास, पवित्रा आणि एकाग्रता यांवर बोट ठेवले गेले. त्यानंतर ज्या दुरुस्तीवाल्याकडे आम्ही रायफल दिली, त्याने ती व्हाइसमध्ये (घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात) बसवून एकही शॉट न मारता ब्रीचचे (पॅलेट भरण्याच्या जागेचे) सील बदलले, ट्रिगर उघडून पुन्हा जुळवला आणि अकरा हजार रुपये घेतले. दोष जागच्या जागी राहिला, शिवाय तिच्या बोटाला सवयीचा असलेला ट्रिगर बदलला तो वेगळाच.

पुण्यातील काकांनी (मुलगी त्यांना काकाच म्हणते) पहिल्या भेटीत रायफल उघडली नाही. त्यांनी मागच्या दहा सरावांचे छापील टार्गेट मागवून घेतले आणि प्रत्येक दोन शॉट्समध्ये किती वेळ गेला ते विचारत लाल पेनाने वर्तुळे काढली. वर गेलेले जवळजवळ सगळे शॉट्स विश्रांतीनंतरचे होते. तीन-चार मिनिटे रायफल स्टँडवर ठेवून पुन्हा उचलली की पहिला शॉट वर आणि पुढचे सरळ, हे आम्ही इतके महिने कागद हातात असूनही पाहिले नव्हते.

मग त्यांनी रायफल व्हाइसमध्ये बसवली, पुढे क्रोनोग्राफ (पॅलेटचा वेग मोजणारे यंत्र) ठेवला आणि दर चाळीस सेकंदांना एक याप्रमाणे दहा शॉट्स मारले. पॅलेटची स्वतःची ४.५ मिमी रुंदी धरून ग्रुप (सगळ्या छिद्रांचा एकत्र पसारा) सहा मिमीच्या आत आला, याचा अर्थ बॅरल उत्तम होते. पॅलेटचा वेग सेकंदाला १७१ ते १७२ मीटर होता. पाच मिनिटे थांबून मारलेल्या शॉटचा वेग मात्र १७७ भरला. ही क्रिया त्यांनी सहा वेळा केली आणि सहाही वेळा तेच झाले.

याचे स्पष्टीकरण त्यांनी मुलीला समोर बसवून दिले. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाची हवा असते आणि रेग्युलेटर तो दाब कमी व स्थिर करून फायरिंग व्हॉल्व्हपर्यंत (शॉटसाठी हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंत) पोहोचवतो. रेग्युलेटरची सीट (हवेचा मार्ग बंद करणारी बैठक) झिजली की ती पूर्ण बंद होत नाही. नेहमीच्या लयीत दोन शॉट्समधला वेळ कमी असल्यामुळे ते जाणवत नाही, पण रायफल काही मिनिटे पडून राहिली की हवा हळूहळू झिरपते, दाब चढतो आणि पुढचा पॅलेट वेगाने निघतो. दहा मीटरच्या प्रवासात पॅलेट सोळा-सतरा मिमी खाली येतो. वेग पाच मीटरने वाढला की हे खाली येणे सुमारे एक मिमीने घटते. एक मिमी ऐकायला क्षुल्लक वाटतो. परंतु या टार्गेटवर दहाचा ठिपकाच मुळी अर्ध्या मिमीचा आहे आणि गुणाचा प्रत्येक दशांश पाव मिमीला तुटतो, त्यामुळे मुलीने १०.२ चा शॉट मारला तरी यंत्र ९.८ दाखवणार. विश्रांतीनंतरचा शॉट उलट संथ जाऊन खाली पडला असता, तर आपण व्हॉल्व्हच्या चिकटलेल्या ओ-रिंगचा (हवा अडवणाऱ्या गोल रबरी कड्याचा) संशय घेतला असता, असेही त्यांनी सांगितले. हा भेद ओळखणे म्हणजेच निदान, आणि त्यासाठी त्यांनी घेतलेले दोन तास मला फार मोलाचे वाटतात.

रेग्युलेटर उघडल्यावर सीटवर गोल खाच पडलेली दिसली आणि आत ओलाव्याचे पांढरट डाग होते. पावसाळ्यात क्लबच्या कंप्रेसरचा फिल्टर वेळेवर बदलला नाही, तर हवेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये जाते, आणि कोल्हापूरचा जुलै काय असतो हे निराळे सांगायला नको. त्यांनी सीट, वॉशर आणि ओ-रिंगा बदलल्या व सिलिकॉन ग्रीस लावले. येथे साधे खनिज तेल कधीही घालू नये, दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकते, हे त्यांनी दोनदा बजावले.

बाकीची तपासणीही त्यांनी सोडली नाही. ब्रीचच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून शॉट मारला. पट्टी हलली नाही, म्हणजे सील ठीक. बॅरलच्या तोंडावरून कापूस फिरवून कुठे तंतू अडकतो का पाहिले. डायऑप्टर (नेम धरण्याची मागची साइट) वीस क्लिक वर आणि वीस क्लिक खाली फिरवल्यावर दोन क्लिकची ढिलाई निघाली, पण नवी साइट घेण्याची गरज नाही, शेवटचे क्लिक नेहमी एकाच दिशेने द्या, एवढाच सल्ला त्यांनी दिला. बॅरलबद्दल माझ्या मनात भीती होती, ती त्यांनी घालवली : काडतुसावर चालणाऱ्या .२२ च्या रायफलीत जळती बारूद आणि प्रायमरचा कचरा चेंबरपुढचा भाग खातो. एअर रायफलीत मऊ शिशाचा पॅलेट थंड हवेवर जातो, त्यामुळे सव्वा लाखाने बॅरल संपत नाही. ते फेल्टने (दाबलेल्या लोकरीच्या तुकड्याने) स्वच्छ ठेवले की पुरे.

उणिवाही सांगायला हव्यात. काम व्हायला एकोणीस दिवस लागले आणि त्या काळात पर्यायी रायफल मिळत नाही, त्यामुळे स्पर्धेच्या तोंडावर कोणी जाऊ नये. काका फोन क्वचितच उचलतात. खर्चाचा आकडा आधी मिळत नाही, जरी शेवटी झालेले ७,२०० रुपये मला रास्तच वाटले. .२२ च्या रायफली ते घेत नाहीत, कारण बंदुकांच्या दुरुस्तीला स्वतंत्र परवाना लागतो.

रायफल परत देताना त्यांनी हाताने लिहिलेला एक कागद दिला. त्यावर दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे वेग आहेत (पाच मिनिटांच्या विश्रांतीनंतर आता १७२), बदललेल्या भागांची नावे आहेत आणि जुने भाग पिशवीत घालून सोबत दिले आहेत. आमच्या दोन सिलिंडरांपैकी एक मात्र त्यांनी भरून देण्यास साफ नकार दिला. त्यावर २०१५ चा शिक्का होता आणि उत्पादकाने दिलेली दहा वर्षांची मुदत उलटून गेली होती. सिलिंडर मुदतीत असणे ही स्पर्धेच्या नियमांनुसार खेळाडूचीच जबाबदारी आहे, आणि तो मुलीच्या गालाच्या इतक्या जवळ असतो की त्यांच्या नकाराबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. नवा सिलिंडर आम्ही मागवला आहे. तोवर ती एकाच सिलिंडरवर सराव करते.